ताऱ्याची प्रत रात्रभर खाली-वर होतेय? आधी चेक स्टार बघा

तारा तोच, कॅमेरा तोच, टेलिस्कोप तोच, आणि तरी सॉफ्टवेअर त्याची प्रत (मॅग्निट्यूड, थोडक्यात मॅग, आकडा मोठा तेवढा तारा मंद) एका फ्रेममधे ११.४२ सांगतं, पुढच्या फ्रेममधे ११.५१ आणि अर्ध्या तासाने सरळ ११.७. फोटोमेट्री, म्हणजे ताऱ्यांचा उजेड मोजणं, सुरू केलेल्या प्रत्येकाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा झटका बसतोच. मला हा त्रास इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या कारणांनी झालाय की म्हटलं एकदा सगळं एका जागी लिहून टाकू, निदान पुढच्या वेळी मलाच शोधाशोध करायला नको.

सुरुवात माझ्या फजितीपासून. एक पिधानकारी जोडतारा होता, म्हणजे दोन तारे एकमेकांना आळीपाळीने झाकतात आणि उजेड कमी होतो तो प्रकार. मध्यरात्रीच्या आसपास ग्रहण होणार असं मी स्वतः गणित करून काढलेलं, ६० सेकंदांच्या फ्रेम लावल्या, साडेतीन तास बसले, सकाळी आलेख काढला तर साडेअकरापासून उजेड घसरायला लागलेला, ०.३ मॅगचा काय सुंदर उतार! दोन जणांना मेसेजही टाकून मोकळी झाले. मग सहज, अगदी सहज, शेजारच्या एका साध्या ताऱ्याचा आलेख काढला जो कधीच बदलत नाही, तर तोही ०.३ नेच खाली. त्याच्या बाजूचाही तेवढाच. अख्ख्या आकाशालाच ग्रहण लागलं होतं म्हणा ना.

म्हणून पहिली गोष्ट हीच करा, बाकी काहीही करायच्या आधी. ज्यांचा उजेड बदलत नाही याची तुम्हाला खात्री आहे असे दोन तारे त्याच फ्रेममधे धरा, एक तुलनेसाठी म्हणजे कॉम्प स्टार, आणि दुसरा फक्त पहारा द्यायला म्हणजे चेक स्टार. चेक वजा कॉम्प असा आलेख काढा. तो सपाट आला तर पाइपलाइन, म्हणजे फ्रेमपासून आकड्यापर्यंतची सगळी प्रक्रिया, धड आहे आणि तुमच्या ताऱ्यातली उडी विचार करण्यासारखी आहे. तोच नाचत असेल तर तुमच्या ताऱ्याकडे बघूच नका, गडबड आकाशात, कॅमेऱ्यात नाहीतर सेटिंगमधे आहे. आणि फजितीच्या रात्री मी कॉम्प वजा केलाच नव्हता, संध्याकाळी एकदा झिरो पॉइंट (सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून खरी प्रत काढायला त्यात मिळवायचा आकडा) काढला आणि तोच रात्रभर वापरला, ही माझी मूळ चूक.

आता त्या ०.३ चं काय झालं ते जरा बघू, कारण हे सगळ्यात जास्त वेळा होतं. सॉफ्टवेअर काय करतं, ताऱ्याभोवती एक वर्तुळ काढतं, आतल्या पिक्सेलची बेरीज करतं, त्यातून आकाशाचा उजेड वजा करतं आणि उरलेल्या आकड्याचा लॉग घेऊन उणे २.५ ने गुणतं. १८५६ मधे पॉगसनने पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभरपट उजेड असं बांधून दिलं, तिथून तो २.५ येतो. बेरीज ५,००० आली की उत्तर उणे ९.२५ येतं, आणि नवीन माणूस घाबरतो की माझा तारा शुक्रापेक्षा उजळ कसा. घाबरू नका, ती इन्स्ट्रुमेंटल मॅग्निट्यूड आहे, तिला एकटीला काही अर्थ नाही, दोन ताऱ्यांमधला फरक तेवढा खरा. (एक्स्पोजरने भागायचं राहिलं तर ३० आणि ६० सेकंदांच्या फ्रेममधे ०.७५ चा फरक येतो, उडी नेमकी ०.७५ ची दिसली तर पहिला संशय तिथेच घ्या.)

माझं वर्तुळ ४ पिक्सेल त्रिज्येचं होतं. संध्याकाळी ताऱ्याचा एफडब्ल्यूएचएम, म्हणजे अर्ध्या उंचीवरची रुंदी, ४ पिक्सेल होता, त्यामुळे साधारण ९४ टक्के उजेड वर्तुळात मावत होता. रात्र गार होत गेली, नळी आकुंचन पावली, फोकस सरकला आणि तारा ६ पिक्सेल रुंद झाला. त्याच ४ पिक्सेलच्या वर्तुळात आता फक्त ७१ टक्के. बाकीचा उजेड गेला कुठे, तर कुंपणाबाहेर सांडला. ९४ आणि ७१ चं गुणोत्तर काढून लॉग घ्या, ०.३ येतं, अगदी माझ्या "ग्रहणाइतकं". हा हिशोब गोल गरगरीत गॉसियन ताऱ्याचा आहे, खऱ्या ताऱ्याची शेपटी आणखी लांब पसरते, पण अंदाज यायला पुरे.

यावर उपाय म्हणजे रात्रीतली सगळ्यात वाईट फ्रेम शोधा, तिचा एफडब्ल्यूएचएम घ्या आणि त्याच्या दीडपट ते दुप्पट त्रिज्या ठेवा, मग तीच सगळ्या फ्रेमला. दीडपटीला कागदावर ९९.८ टक्के उजेड आत येतो. काही जण फ्रेमगणिक वर्तुळ लहान-मोठं करतात, तेही चालतं, पण एका फ्रेममधल्या सगळ्या ताऱ्यांना वर्तुळ सारखंच पाहिजे, उजळ ताऱ्याला मोठं आणि मंदला लहान असं केलंत तर कॉम्प वजा करून उपयोग शून्य. तारा फारच मंद असेल तर मोठं वर्तुळ नॉइज भरतं, तिथे एफडब्ल्यूएचएमच्या ०.७ पटीच्या आसपास सिग्नल टू नॉइज सगळ्यात चांगला मिळतो, पण मग फोकस आणि ट्रॅकिंगवर रात्रभर डोळा ठेवायला लागतो. मी तरी नवख्या माणसाला मोठंच वर्तुळ सांगेन, थोडा नॉइज परवडला पण खोटं ग्रहण नको.

दुसरं नेहमीचं दुखणं म्हणजे आकाशाचा उजेड मोजायची बाहेरची रिंग. लोक वर्तुळावर तासन् तास घालवतात आणि रिंगकडे ढुंकून बघत नाहीत. समजा वर्तुळ ८ पिक्सेल त्रिज्येचं आहे, म्हणजे आत २०१ पिक्सेल. आकाश प्रत्येक पिक्सेलला फक्त १ एडीयूने (कॅमेरा पिक्सेलचा उजेड ज्या आकड्यांत देतो ते एकक) चुकीचं मोजलं गेलं तर बेरजेत २०१ ची चूक, १०,००० एडीयूच्या ताऱ्याला ती २ टक्के, पण १,००० एडीयूच्या ताऱ्याला २० टक्के! मंद तारे जास्त नाचतात त्यातला बराच भाग हाच असतो.

आणि रिंगमधे दुसरा तारा आला की मग विचारूच नका. १२ ते १८ पिक्सेलची रिंग, साधारण ५६५ पिक्सेल, त्यात ५०,००० एडीयूचा एक शेजारी घुसला आणि सॉफ्टवेअर साधी सरासरी घेत असेल तर आकाश पिक्सेलमागे ८८ ने फुगतं. गुणिले २०१, म्हणजे जवळजवळ १७,८०० एडीयू तुमच्या ताऱ्यातून विनाकारण वजा. तारा २०,००० चा असेल तर हातात उरले २,२०० आणि तो अडीच मॅगच्या जवळपास मंद दिसणार. त्यातून फ्रेम थोडी सरकली की शेजारी कधी रिंगच्या आत कधी बाहेर, की झाल्या उड्या सुरू. सरासरीऐवजी मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) लावा, सिग्मा क्लिपिंग (फार वेगळे पडणारे पिक्सेल गाळणं) असेल तर ते चालू करा, आणि मुख्य म्हणजे फ्रेम मोठी करून रिंग डोळ्यांनी बघा, कुठल्या ताऱ्यावरून जातेय ते. चंद्र वर असेल, पहाट होत असेल किंवा तारा एखाद्या दीर्घिकेच्या अंगावर बसला असेल तर मीडियनही फसतो, तेव्हा रिंग शक्य तेवढी जवळ आणा. तारे एकमेकांना खेटूनच असतील, तारकागुच्छात असतात तसे, तर वर्तुळाचा नाद सोडा आणि पीएसएफ फोटोमेट्रीकडे (ताऱ्याच्या पसरण्याचा आकार प्रत्येक ताऱ्यावर बसवून उजेड काढायची पद्धत) वळा, डाओफॉट हे सॉफ्टवेअर त्याच कामासाठी बनलंय.

आता एक गंमत. फोकस सुधारल्यावर तारा मंद होतो असं कधी झालंय का? मला झालंय, आणि मी पूर्ण एक संध्याकाळ सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. तारा सॅच्युरेट झालेला होता. हवा शांत झाली की सगळा उजेड मधल्या दोन-चार पिक्सेलमधे गोळा होतो, पिक्सेल भरला की वरचा उजेड वाया जातो आणि बेरीज कमी येते, हवा बिघडली की उजेड पसरतो, काहीच कापलं जात नाही आणि तारा "उजळतो". तुमचा कॉम्प सॅच्युरेट असेल तर आणखी मजा, तो मंद होतो म्हणून बाकी सगळे तारे एकदम उजळ झाल्यासारखे दिसतात.

हे पकडताना एका ठिकाणी सगळे फसतात. १६ बिटची कमाल ६५,५३५ असते हे पाठ असतं, म्हणून लोक कॅलिब्रेट केलेल्या फ्रेममधे तो आकडा शोधतात आणि सापडत नाही म्हणून निश्चिंत होतात. अहो पण ६५,५३५ मधून डार्कचे (झाकण लावून घेतलेली फ्रेम) ६०० गेले आणि फ्लॅटच्या (सारख्या उजळ पडद्याची फ्रेम, चिपचा असमानपणा काढायला) १.०८ ने भागलं की उरतात ६०,१२५, दिसायला अगदी निरोगी! सॅच्युरेशन नेहमी कच्च्या फ्रेममधे बघायचं. शिवाय कॅमेरा १४ बिटचा असेल तर त्याची स्वतःची कमाल १६,३८३, आणि काही सॉफ्टवेअर ते चारने गुणून ठेवतात म्हणून छत ६५,५३२ ला येतं, १२ बिटचं सोळाने गुणून ६५,५२०. आपल्या कॅमेऱ्याचं छत कुठे आहे ते एकदा मुद्दाम एखादा ठसठशीत तारा जाळून बघून ठेवा. बरेचसे कॅमेरे छताच्या जवळ जाताना आधीच वाकडे चालायला लागतात, म्हणून मी शिखर पिक्सेल छताच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच ठेवते. तारा फारच उजळ असेल तर फोकस मुद्दाम थोडा ढिला करा. एक्स्पोजर एकदम एक-दोन सेकंदांवर आणू नका, तेवढ्या वेळात ताऱ्याचं लुकलुकणंच मोजलं जातं. आणायचंच असेल तर वीस-तीस फ्रेमची सरासरी घ्या.

पायथनवाल्यांसाठी वेगळा परिच्छेद, कारण हा सापळा फार खास आहे. फिट्स (खगोलात वापरतात तो चित्रांचा फॉरमॅट) फाइल वाचली, ॲरे १६ बिटच्या अनसाइन्ड इंटिजरमधे आला, त्यातून डार्क वजा केला. आकाशाचा एक पिक्सेल ४१२, डार्कमधे तोच पिक्सेल ४१५, उत्तर उणे ३ यायला पाहिजे ना? अनसाइन्डला उणे माहीतच नाही, तो गोल फिरून ६५,५३३ देतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. असा एक पिक्सेल तुमच्या २०,००० एडीयूच्या ताऱ्याच्या वर्तुळात पडला की तारा एका झटक्यात दीड मॅगहून जास्त उजळ. पुढच्या फ्रेममधे नॉइज वेगळा म्हणून पिक्सेलही वेगळा, आणि आलेखात वरच्या बाजूला उगाच सुटे ठिपके उडालेले दिसतात. फ्रेम स्ट्रेच करून बघितली तर काळ्या आकाशात पांढरी मिरी पेरल्यासारखं दिसतं, एकदा बघितलं की विसरत नाही. वाचल्या वाचल्या ॲरे फ्लोटमधे (ज्यात उणे आणि दशांश चालतात) बदला, मग वजाबाकी. याच्या उलट काही सॉफ्टवेअर उणे आलेला पिक्सेल गुपचूप शून्य करतात, मग मिरी दिसत नाही पण आकाशाची सरासरी वर सरकते, आणि आपण मघाशी बघितलं की एका एडीयूने काय होतं ते.

तिथलीच आणखी एक भानगड, मोजणी शून्यापासून की एकापासून. डीएस९ (फिट्स बघायचं सॉफ्टवेअर) मधे कर्सर ठेवून घेतलेले एक्स-वाय एकापासून मोजलेले असतात, फोटयुटिल्सला (पायथनची फोटोमेट्रीची लायब्ररी) शून्यापासूनचे लागतात. तसेच उचलून दिलेत तर वर्तुळ दोन्ही दिशांना एकेक पिक्सेल सरकून बसतं, लहान वर्तुळ असेल तर उजेड एका बाजूने गळतो आणि कळतही नाही. एक वजा करा किंवा सेंट्रॉइड, म्हणजे ताऱ्याचा मध्यबिंदू, परत काढायला लावा. पण सेंट्रॉइडची शोधपेटी फार मोठी ठेवलीत तर वाऱ्याने टेलिस्कोप हलल्यावर वर्तुळ शेजारच्या उजळ ताऱ्यावर उडी मारून बसतं, तेव्हा एक्स-वायचासुद्धा आलेख काढायची सवय लावा, पाच सेकंदांचं काम आहे.

जेपीजीवर मोजणाऱ्यांना काय सांगू, नका मोजू. जेपीजीमधे कॅमेऱ्याने आकडे वाकवलेले असतात, दुप्पट उजेड म्हणजे दुप्पट आकडा हा मूळ करारच मोडलेला असतो. स्ट्रेच केलेली, नॉइज काढलेली, शार्प केलेली टिफ पण तशीच बाद. डीएसएलआर असेल तर रॉ घ्या, त्यातला हिरवा चॅनल वेगळा काढा, तो व्ही (फोटोमेट्रीतला प्रमाण हिरवा-पिवळा) फिल्टरच्या बऱ्यापैकी जवळ जातो.

आलेख रात्रभर छान आणि मधेच एका जागी पायरी, ०.०३ ची म्हणा, आणि त्यानंतर परत छान? वेळ बघा. तारा याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून गेल्यावर माउंट (टेलिस्कोपचा फिरता आधार) पलटी मारतो, तारा चिपच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जातो, आणि फ्लॅट नीट नसेल तर दोन कोपऱ्यांची संवेदना वेगळी पडते. धुळीच्या कणाची ती गोल सावली असते ना, तारा तिच्यावर चढला-उतरला तरी असंच होतं. फ्लॅट घेतल्यावर कॅमेरा फिरवला असेल किंवा फोकस बराच हलवला असेल तर फ्लॅट परत घ्या, जुन्याने भागून उगाच नवा डाग उमटतो. मी तर पलटीनंतरचा भाग सरळ वेगळी मालिका म्हणून ठेवते, दोन्ही जोडायचा हट्ट करत नाही.

याउलट पायरी नाही, उडी नाही, पण आलेख रात्रभर हळूहळू वाकत चाललाय, तर हवा आठवा. खमध्यावर आपण हवेच्या एका थरातून बघतो, तारा ६० अंश उंचीवर असताना १.१५ आणि ३० अंशांवर दोन. थरामागे ०.२ मॅग गिळला जात असेल तर तारा ६० वरून ३० वर उतरेपर्यंत ०.१७ ने मंद होतो, काहीही न बदलता. कॉम्प वजा केला की हे जवळजवळ सगळं निघून जातं, पण रंग वेगळे असतील तर नाही. हवा निळा उजेड जास्त खाते, लाल कमी. मृग नक्षत्रातल्या काक्षीसाठी (बीटलज्यूस) शेजारचा राजन्य (रायजेल) कॉम्प म्हणून घ्यायचा मोह होतो, एकच नक्षत्र, दोन्ही ठळक. पण काक्षीचा बी वजा व्ही (निळ्या फिल्टरमधली प्रत वजा व्हीमधली, आकडा मोठा तेवढा तारा लाल) १.८ च्या पुढे आणि राजन्याचा जवळपास शून्य, एक अंगारासारखा लाल आणि एक निळसर पांढरा, त्यात दोघांमधे बरंच अंतर म्हणून उंचीही वेगळी, आणि राजन्य स्वतःसुद्धा थोडाफार बदलतो. यापेक्षा वाईट जोडी मुद्दाम शोधूनही सापडणार नाही. कॉम्प रंगाने जवळचा घ्या, उजेडाने थोडा इकडेतिकडे चालेल.

कॉम्पची प्रत कुठून उचलली हेही तपासा. गाया या उपग्रहाच्या कॅटलॉगमधल्या जी बँडचा (व्हीपेक्षा बराच रुंद पट्टा) आकडा व्ही म्हणून टाकला तर लाल ताऱ्यांना अर्ध्या मॅगहून जास्त फरक पडतो. आणि एएव्हीएसओच्या (बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संस्था) नकाशावर ताऱ्याशेजारी ११४ लिहिलेलं असतं ते ११.४ असतं, टिंबाला कोणी तारा समजू नये म्हणून दशांशचिन्ह गाळतात. हसू नका, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो कॅटलॉग नंबर वाटला होता.

राहता राहिली एररची पट्टी. सॉफ्टवेअर म्हणतं एरर ०.००३ आणि ठिपके तर ०.०२ ने पसरलेत, मग खरं कोण? ठिपके खरे. सॉफ्टवेअर फक्त इलेक्ट्रॉन मोजून नॉइज काढतं, १०,००० इलेक्ट्रॉनचा नॉइज १०० म्हणजे एक टक्का, म्हणजे ०.०११ मॅग, आणि त्यासाठी त्याला गेन, म्हणजे एका एडीयूला किती इलेक्ट्रॉन, बरोबर द्यायला लागतो. दहा फ्रेमची सरासरी स्टॅक करून गेन एका फ्रेमचाच ठेवलात तर हिशोब चुकलाच, तिथे गेन दहापट धरायचा. पातळ ढग, फ्लॅटमधली चूक, लुकलुकणं यातलं काहीच त्या पट्टीत नसतं. म्हणून मी चेक स्टारच्या ठिपक्यांचा पसारा मोजते आणि तोच आपला एरर धरते, निदान तारा तेवढाच उजळ असेल तर.

आणि हो, माझं ते ग्रहण. वर्तुळ १० पिक्सेलचं केलं, रिंगमधे मीडियन लावला, रंगाने जवळचा कॉम्प घेऊन सगळं परत मोजलं, चेक स्टार ०.०१२ मधे गपगार बसला. आणि माझा जोडतारा? सरळ रेघ, ग्रहणाचा पत्ता नाही. मग गणित उघडून बसले. ज्युलियन दिवस दुपारी बारा युटीला सुरू होतो आणि मी तो मध्यरात्रीपासून धरला होता, अर्धा दिवस इकडचा तिकडे. ग्रहण भर दुपारी उरकलं होतं. ज्या दोघांना मेसेज टाकले होते त्यातल्या एकाने अजून मला "अभिनंदन"चं उत्तर दिलेलं तसंच आहे, ते मी डिलीट केलेलं नाही.